हवापाण्याच्या चार ओळी

त्सुबामे, ४ ऑक्टोबर १९८६

चि. शूजीस,

पत्राच्या आरंभी हवापाण्याच्या चार ओळी लिहायची आपली रीत आहे. पानं कशी लाल झाली, डोंगर कसा धुक्यात गेला, तब्येती कशा आहेत. त्या चार ओळी मी लिहिल्या आणि तू वाचल्यास, असं दोघांनी समजू. मला वेळ नाही, आणि तुझी तब्येत ठणठणीत आहे हे मामीकडून कळतंच.

फोन करत नाही, कारण आमचा फोन कारखान्याच्या दारात आहे. मी त्यात नुसतं ‘अडचण’ म्हटलं की अकरा कामगार, दोन शेजारी आणि टोफूवाला हातातलं काम टाकून कान देतात.

तर अडचण अशी. आमच्या मुलाम्याच्या कारखान्यातलं विसळण्याचं पाणी ज्या कालव्यात जातं, तो भातखाचरांचा कालवा. त्यात पाणी सोडायला शेतकऱ्यांच्या कालवा संघाची लेखी संमती दर पाच वर्षांनी घ्यावी लागते. आजवर संमती म्हणजे साकेची एक बाटली आणि कमरेत वाकून दोन नमस्कार. यंदा संघाचा प्रमुख झालाय इगाराशी तोमेकिची. तो आला, बाटली घेतली, नमस्कार घेतले आणि म्हणाला, “तोकिएबाई, आता पाण्यातलं निकेल सांगा.”

दर महिन्याच्या दहा तारखेला तो स्वतः नमुना भरणार आणि नीगाताच्या प्रयोगशाळेत पाठवणार. लागोपाठ तीन महिने लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत निकेल आलं, तर वीस एप्रिलच्या सभेत शिक्का. नाहीतर मे महिन्यात खाचरांना पाणी सुटायच्या आधी आमचं तोंड बंद. म्हणजे पाइपाचं. माझं कोण बंद करतो!

चुना घालून आम्ही गाळ बसवतो, तरी तीन-चार मिलिग्रॅम सुटतंच. पितळी चमच्यावर निकेल चढवणं बंद झालं तर कारखान्यात उरतं काय? योहेईसान आमच्याकडे मुकादम झाले, त्याला चाळीस वर्षं झाली. ते म्हणतात, “पाण्यात विरघळलेलं निकेल बाहेर काढायचं म्हणजे चहात विरघळलेली साखर वेचायची.” तू कावासाकीत म्हणे तेच वेचायचं काहीतरी बनवतोस. मी तुला पाठीवर बांधून बाजार केलेला आहे. त्याची आठवण करून देत नाही, नुसतं लिहून ठेवते.

तुझी
तोकिएताई


कावासाकी, ११ ऑक्टोबर १९८६

ती. तोकिएताईस,

इथे हवा चांगली आहे. झाल्या चार ओळी? झाल्या.

योहेईसानांना सांग, साखर वेचता येते. आम्ही बनवतो ते रेझिन म्हणजे मोहरीहून बारीक पिवळट मणी. प्रत्येक मण्याला आतून-बाहेरून असंख्य नांग्या आहेत असं समज. खेकड्याच्या असतात तशा. चुन्यातलं कॅल्शियम, मिठातलं सोडियम ही हलकी मंडळी शेजारून गेली तर मणी ढुंकून पाहत नाही. निकेल दिसलं की चारी बाजूंनी आवळतो आणि सोडत नाही. पाणी पुढे जातं, निकेल मागे राहतं. नांग्या भरल्या की वरून गंधकाचं ॲसिड सोडायचं. ॲसिडच्या माऱ्यापुढे खेकडा हात सोडतो आणि खालून हिरवंगार निकेलचं पाणी येतं. ते पुन्हा मुलाम्याच्या टाकीत ओता! मग स्वच्छ पाणी, थोडं सोड्याचं पाणी, की खेकडा पुन्हा भुकेला.

त्याला आवडीनिवडी आहेत. काही धातू त्याला निकेलपेक्षा प्रिय. पण तुमच्या पाण्यात निकेलशिवाय काही नाही, तेव्हा ती यादी सांगून तुझं डोकं खात नाही.

दोन टाक्या भरतील एवढे मणी पाठवतोय. साहेबांकडून ‘प्रयोग’ म्हणून मागून घेतलेत. साहेब हसले. म्हणाले, “गल्लीतले मुलामेवाले आणि आपलं रेझिन! एक हिवाळा टिकलं तर मला येऊन सांगा.” मी सगळ्यांसमोर टिकेल म्हणालोय. तेव्हा माझंही नाक तुझ्या पाइपाला बांधलेलं आहे.

एकच विनंती. चुन्याच्या हौदानंतर पाणी किंचित आंबट करून टाकीत सोडायचं आणि मी लिहिलंय त्यात काही बदल करायचा नाही. योहेईसानांनी सुद्धा नाही. मी सहा वर्षांचा असताना माझा बूट त्यांच्या टाकीत पडला होता, त्याबद्दल ते अजून माझ्यावर दात धरून असतील तर मी पुन्हा माफी मागतो.

तुझा
शूजी


त्सुबामे, १३ डिसेंबर १९८६

चि. शूजीस,

हवापाणी रीतीप्रमाणे समजून घे.

नोव्हेंबर: शून्य पूर्णांक तीन. डिसेंबर: शून्य पूर्णांक दोन!

मी कागद तीनदा वाचला, मग चमचे विसळणाऱ्या सुमिएला वाचायला लावला, मग देवघरात ह्यांच्या फोटोपुढे ठेवला. जिवंतपणी ह्यांनी माझं एक ऐकलं नाही, आता फोटो काय बोलतो!

तुझे खेकडे आता कारखान्याचेच झालेत. सकाळी आल्यावर सुमिएच्या जोडीची हानायो टाकीवर टिचकी मारून विचारते, “जेवलात का?” पहिल्यांदा ॲसिड सोडलं तेव्हा अख्खा कारखाना टाकीभोवती उभा. खालून हिरवं पाणी आलं, असं हिरवं की माचा चहाच्या वाटीने लाजावं. योहेईसानांनी काचेच्या भांड्यात घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला आणि म्हणाले, “आपलंच आहे.” बस. मग स्वतःच्या हातांनी मुलाम्याच्या टाकीत ओतलं. हरवलेलं माणूस घरात घ्यावं तसं. तुझ्याबद्दल मात्र एवढंच म्हणाले, “बूटवाला मोठा झाला वाटतं.”

इगाराशी कागद घेऊन आला होता. तोंड लिंबू चावल्यासारखं. म्हणाला, “कागदावर काय, कागदावर माझा जावईही कष्टाळू आहे. तिसरा महिना येऊ दे.”

येऊ दे की! मी साकेची बाटली आत्ताच आणून ठेवलीय. या खेपेला आपण प्यायची.

तोकिएताई


त्सुबामे, १७ जानेवारी १९८७

शूजी,

हवापाणी गाळते.

तीन पूर्णांक आठ.

चुन्याच्या काळात येत होतं तेवढंच. तुझ्या टाक्या नसत्या तरी आलंच असतं. इगाराशीने कागद टेबलावर ठेवला आणि आनंदाने ओरडला असता तर बरं झालं असतं. तो चक्क हळहळला. म्हणाला, “पुन्हा पहिल्यापासून, तोकिएबाई. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तिन्ही लागतील. यातला एक गेला की संपलं.” त्याची दया मला त्याच्या टोमण्यांपेक्षा जास्त टोचली.

डिसेंबर संपता संपता खेकडे लवकर थकायला लागले. आधी आठवड्याने भरायचे, मग चार दिवसांनी, आता दुसऱ्या दिवशीच निकेल पलीकडे. तू लिहिलंस ते सगळं तसंच केलंय. एक थेंब इकडेतिकडे नाही. मग आता खेकडे मेले, की तू पाठवलेल्या पोत्यात म्हातारेच होते?

दहा फेब्रुवारीला चोवीस दिवस उरलेत. लवकर लिही.

तोकिए


कावासाकी, २० जानेवारी १९८७

ती. ताई,

म्हातारे नव्हते. त्याच दिवशी बनलेले मणी इथे एका मोठ्या कारखान्यात गेलेत आणि दिवसरात्र जेवतायत. मी काल रात्री ऑफिसात थांबून तुझ्या पाण्यासारखं पाणी बनवलं, ते मण्यांतून सोडलं. उत्तम.

म्हणजे दोष तिथे आहे. रागावू नकोस, पण मी सरळ विचारतो. योहेईसान ॲसिड वाचवतायत का? जुन्या माणसांना ॲसिड असं वाहून गेलेलं बघवत नाही. की त्यांना ही टाकी नकोच आहे? चाळीस वर्षं चुन्यावर काढलेल्या माणसाला बूटवाल्याने शहाणपणा शिकवलेला सोसत नसेल, तर मी समजू शकतो. पण मग त्यांना टाकीपासून लांब ठेव.

शिवाय हे सांग. ॲसिड किती सोडता? आंबटपणा मोजता का, की जिभेने ठरवता? ॲसिड सोडल्यावर खालून येणारं पाणी कोणत्या रंगाचं आहे? तू रंगाबद्दल काहीच लिहिलं नाहीस, आणि तू काही लिहीत नाहीस तेव्हा मला भीती वाटते. विसळण्याच्या टाकीत कोणी नवीन साबण, नवीन औषध काही घालतंय का?

साहेबांनी काल लिफ्टमध्ये विचारलं, “काय, हिवाळा कसा चाललाय?” मी म्हणालो, थंडी आहे.

शूजी


त्सुबामे, २४ जानेवारी १९८७

शूजी,

तुझं पत्र योहेईसानांना वाचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी तुझा दुसरा बूटही टाकीत टाकला असता, या खेपेला तुझ्यासकट.

ॲसिड वाचवणं? उलट दुप्पट सोडतोय. आंबटपणा रोज तीनदा कागद बुडवून मोजतो, वही पाठवू? नवीन साबण नाही, औषध नाही, काही नाही.

रंग. बरं, सांगते. लपवलं होतं, कारण लाज वाटली. पाणी हिरवं येत नाही. होजिचासारखं येतं, भाजलेल्या चहासारखं पिवळं-तपकिरी. आम्हाला वाटलं ॲसिडचं पिंप गंजलंय. पिंप बदललं. तरी चहाच. योहेईसानांनी वास घेतला, म्हणाले, “हे आपलं नाही,” आणि एक थेंब मुलाम्याच्या टाकीत जाऊ दिला नाही. तुझा ‘शत्रू’ एवढं करतो.

आणि तो शत्रू कोण तेही ऐक. पहिला बर्फ पडला त्या दिवशी, सोळा डिसेंबरला, सगळ्यांच्या आधी येऊन त्यांनी विसळण्याच्या पहिल्या दोन टाक्यांचा नळ बंद केला आणि विहिरीचं पाणी सोडलं. चाळीस वर्षं दर हिवाळ्यात सोडतात. नळाचं पाणी बर्फातून येतं, हात घातला की कळ हाडात जाते. विहिरीचं बारा महिने तेरा अंश. सुमिए आणि हानायो दिवसभर त्यात हात घालून उभ्या असतात. दुसरीकडे बायकांच्या बोटांना जानेवारीत भेगा पडतात, आमच्याकडे पडत नाहीत. शेवटची टाकी तेवढी नळाचीच ठेवतात, नाहीतर चमच्यांवर डाग पडतात म्हणे. म्हणजे बायांचे हातही सांभाळायचे आणि चमचेही. हा माणूस तुझ्या खेकड्यांच्या वाईटावर असेल?

माफी माग आणि मग शास्त्र सांग. हाच क्रम.

तोकिए


कावासाकी, २७ जानेवारी १९८७, तातडीचे

ताई,

माफी. योहेईसानांची, तुझी, सुमिए-हानायोची, जमलं तर विहिरीचीही.

आता शास्त्र. उभी असशील तर खाली बस.

‘नाहीतर चमच्यांवर डाग पडतात.’ ताई, तो डाग! त्सुबामेच्या विहिरीचं पाणी वर येताना काचेसारखं असतं आणि हवा लागली की तांबडं होतं. तेच पाणी पाइपांतून रस्त्यावर उडवून तुम्ही बर्फ वितळवता, म्हणून गावचे रस्ते गंजलेल्या तव्यासारखे. सोळाव्या वर्षी मी हट्टाने पांढरे बूट घेतले होते. एका हिवाळ्यात ते तांबडे झाले आणि आईने धुऊन धुऊन हात टेकले. आता मी इथे लोकांना धातू शिकवतो, आणि माझेच बूट कशाने रंगले होते ते मला आठवलं नाही!

लोह, ताई. विहिरीतलं लोह. मी ‘आवडीनिवडी’ म्हणालो होतो ना, आणि यादी दिली नाही? त्या यादीत हवा लागून गंजलेलं लोह निकेलच्या कितीतरी वर आहे. खेकडा सोळा डिसेंबरपासून लोहच खातोय. काही लोह नांग्यांत अडकतं, उरलेलं गंज होऊन मण्याच्या अंगावर साय धरतं. निकेल येतं तेव्हा जागाच नसते. ते बिचारं सरळ कालव्यात. तुमचा भाजलेला चहा म्हणजे लोह. योहेईसानांच्या नाकाला कळलं ते माझ्या पदवीला कळलं नाही.

आणि आता एक तक्रार, हात जोडून. जानेवारीच्या पत्रात तू हवापाणी गाळलंस. रीतीप्रमाणे चारच ओळी लिहिल्या असत्यास, ‘बर्फ पडला, विहिरीचं पाणी सुरू झालं’ एवढंच, तर मी त्याच दिवशी जागा झालो असतो. दोष माझाही आहे. ऑक्टोबरात मी ‘हवा चांगली आहे’ म्हणून तीच थट्टा केली.

करायचं ते असं. विहिरीचं पाणी विसळण्यात येऊ द्यायचं नाही. खेकड्यांना नेहमीच्या दुप्पट कडक ॲसिडने अगदी सावकाश दोनदा धुवा, चहाचा रंग जाईपर्यंत. मरत नाहीत ते. बायांना जाड रबरी हातमोजे द्या.

शूजी


त्सुबामे, ३० जानेवारी १९८७ (पोस्टकार्ड)

खेकडे धुतले. चहा गेला, पाणी नितळ आलं. विहीर बंद केली. नळाचं पाणी तीन अंश. हानायोने जाड हातमोजे घातले आणि अर्ध्या दिवसात चाळीस चमचे तेलकट राहिलेले हाताला कळलेच नाहीत. आमच्याकडे तेल बोटांना कळतं. मोजे काढले तर बोटं निळी. तू पुस्तकातला उपाय दिलास. आता हाताचा दे. तोकिए.


त्सुबामे, १६ फेब्रुवारी १९८७

चि. शूजीस,

तुझं उत्तर आलंच नाही. पण ते इथेच सापडलं.

तुझं माफीचं पत्र मी योहेईसानांना वाचून दाखवलं. ‘नाक’ आणि ‘पदवी’ हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली. मला वाटलं खूश झालेत. कसले! विहिरीचं पाणी आपण सोडलं आणि आपल्या हाताने कारखाना बुडवायला निघालो होतो, हे त्यांना लागलं. दोन दिवस एकच चाललं होतं. बायांच्या निळ्या बोटांकडे बघायचे आणि आवारातल्या हौदाकडे बघायचे, जिथून विहिरीचं पाणी रस्त्याच्या पाइपात जातं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना थोडी साके गरम करून दिली. सर्दी झाली होती. नेहमीसारखी बाटली गरम पाण्यात उभी केली. ते बाटलीकडे बघत राहिले. बघत राहिले. मग म्हणाले, “बाईसाहेब, साके गरम करायला आपण साकेत गरम पाणी ओततो का?”

“ओतून बघा, मी तुमचं तोंड बघणार नाही.”

“तेच तर!” म्हणाले, आणि साके तशीच टाकून उठले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

शेजारी नळ्या वाकवणारा आहे. त्याच्याकडून साठ मीटर स्टीलची नळी वेटोळं करून आणली, आंघोळीच्या टबाएवढं वेटोळं, आणि विहिरीच्या हौदात बुडवली. नळाचं पाणी एका टोकाने आत, दुसऱ्याने बाहेर, तिथून विसळण्याच्या टाकीत. तीन अंशांनी जातं, अकराने येतं. विहिरीची ऊब घेतली, विहिरीचा थेंब घेतला नाही. विहिरीचं पाणी आपलं सुखाने रस्ता तांबडा करतंय. नळीला आमच्या नळीवाल्याने शंभर वेळा हात लावून बघितला आणि म्हणाला, “आयुष्यभर नळ्या वाकवल्या, हे सुचलं नाही!” योहेईसान म्हणाले, “तू थंड पितोस.”

सुमिएने हात घातला. सगळे तिच्या तोंडाकडे. ती म्हणाली, “चालेल.” हानायो म्हणाली, “चालेल काय, पळेल!”

दहा तारखेला इगाराशीने नमुना नेला. आज कागद आला.

शून्य पूर्णांक दोन!

मी ओरडले. दारात फोनपाशीच उभी होते, टोफूवाल्याला बातमी वेगळी सांगावी लागली नाही. आणि ॲसिडचं पाणी? हिरवं. योहेईसानांनी वास घेतला, म्हणाले, “आला घरी.”

अजून मार्च आणि एप्रिल आहेत, मला माहीत आहे. पण शूजी, तू साहेबाला आता लिफ्टमध्ये भेट. मुद्दाम.

तोकिएताई


त्सुबामे, २२ एप्रिल १९८७

चि. शूजीस,

हवापाण्याच्या चार ओळी, नीट वाच, परीक्षा घेईन: याहिको डोंगरावरचा बर्फ पातळ झालाय आणि कालव्याकाठी चेरीची फुलं पडून पाणी गुलाबी दिसतं. आवारातला पंप पंचवीस मार्चला बंद केला. रस्ता तांबडाच आहे. नळाचं पाणी नऊ अंश, वेटोळं काढून तेल लावून माळ्यावर ठेवलंय, आमच्या तब्येती उत्तम.

मार्च, शून्य पूर्णांक तीन. एप्रिल, शून्य पूर्णांक एक.

परवा सभा झाली. मंदिराच्या दिवाणखान्यात साठ शेतकरी, मी एकटी बाई आणि योहेईसान. सूट घातला होता, जो त्यांनी ह्यांच्या अंत्यविधीनंतर घातला नव्हता. इगाराशी उभा राहिला. तिन्ही कागद मोठ्याने वाचले. मागून एकजण म्हणाला, “आता हिवाळा संपलाय, आकडे चांगलेच येणार. पुढच्या जानेवारीत काय?”

मी तोंड उघडलं. इगाराशीने हात वर केला. वाटलं, झालं, आता हा माती करणार.

तो म्हणाला, “फेब्रुवारीचा नमुना मी भर बर्फात भरलाय. गुडघ्यापर्यंत आत होतो. आणि तेव्हा मी त्यांच्या टाकीत हात घातला होता. कोमट लागलं. ज्या कारखान्यात बायांच्या हातांसाठी साठ मीटर नळी वाकवतात, तिथे माझ्या भातासाठी कोणी हयगय करेल असं मला वाटत नाही.”

आणि शिक्का मारला. कागद फाटतो की काय, एवढ्या जोराने. पाच वर्षं!

मी नमस्काराला वाकले ते वर यायचं विसरले. योहेईसानांनी कोपर मारलं तेव्हा वर आले.

पुढची गंमत ऐक. इगाराशीने तिथेच जाहीर केलं की कालव्यावरच्या वरच्या दोन मुलामेवाल्यांनाही आता हाच नियम. ते दोघे, ज्यांनी नोव्हेंबरात ‘तोकिएबाईंनी खेकडे पाळलेत’ म्हणून आमची टिंगल केली होती, काल सकाळी आमच्या दारात, प्रत्येकी एक बाटली घेऊन. योहेईसानांनी त्यांना दोन तास टाकीपुढे उभं करून व्याख्यान दिलं. नांग्या काय, आवडीनिवडी काय, लोह कसं वर, निकेल कसं खाली. मी चहा द्यायला गेले तर म्हणत होते, “सगळं बघितलं पाहिजे. हवा, पाणी, सगळं. शास्त्र म्हणजे दुसरं काय?”

एकाने विचारलं, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

योहेईसान म्हणाले, “कावासाकीत एक आहे. अजून शिकतोय. पण मुलगा होतकरू आहे.”

सोबत चमचा पाठवतेय. त्यावरचं निकेल फेब्रुवारीत खेकड्यांनी पकडलेलं आहे, सगळंच्या सगळं. योहेईसानांनी स्वतः चढवलं. नाहीतर ते आज इगाराशीच्या भातात असतं. याने तू काहीही खा, फक्त भाजलेला चहा ढवळू नकोस.

ती साकेची बाटली आम्ही प्यायलो. गरम करून.

तुझी
तोकिएताई


कावासाकी, २७ एप्रिल १९८७

ती. तोकिएताईस,

इथे रात्रभर पाऊस पडून आता ऊन आलंय. समोरच्या बाल्कनीत कोणी गाद्या वाळत घातल्यात. नळाचं पाणी पंधरा अंश, मी मोजलं. माझी तब्येत तुझ्या पत्रापासून फार चांगली आहे.

चमचा घेऊन साहेबांकडे गेलो. टेबलावर ठेवला आणि म्हणालो, हिवाळा टिकला. त्यांनी सगळी हकिगत ऐकली. गोष्ट साकेच्या बाटलीपाशी आली तेव्हा चष्मा काढला. आता छोट्या मुलामेवाल्यांना रेझिन द्यायचं ठरलंय आणि ते काम माझ्याकडे आहे. नवीन गिऱ्हाईकांकडून भरून घ्यायचा कागद मी काल तयार केला. धातूंचे आकडे दुसऱ्या पानावर आहेत. पहिल्या पानावर फक्त चार रिकाम्या ओळी आहेत आणि वर लिहिलंय: ‘आपल्याकडचं हवापाणी कळवावं.’

साहेबांनी विचारलं, “ही कल्पना कोणाची?” मी म्हणालो, माझ्या गुरूंची.

त्यांना सांग, होतकरू मुलगा मेच्या सुट्टीत येतोय, खाचरांना पाणी सुटेल तेव्हा. काल बाजारात जाऊन नवे बूट घेतले. पांढरे. होऊ देत तांबडे!

तुझा
शूजी